लेवीयपाशी अडलेलं वाचन

वर्षभरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, संपवायचं तर ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४०, जानेवारीत उरकतात, मग तिसरं पुस्तक लेवीय लागतं आणि अनेकांची गाडी तिथेच रुतते. सुरुवातीचे सात अध्याय नुसते अर्पणांचे नियम. सोबत येशूची गोष्ट सांगणाऱ्या मार्कच्या पुस्तकाचा एक अध्याय ठेवला की दम टिकतो. खाडा पडला तर मागची थकबाकी भरत बसू नये, आजच्या तारखेचंच वाचावं. उपास थोडाच मोडला!

लेवीय गाळू मात्र नका. १९वा अध्याय सावकाश वाचा. शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांची आणि परक्यांची. १३वं वचन तर थेट खिशाला हात घालतं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवायची नाही. ‘प्रभू, मला दयाळू कर’ ही प्रार्थना फार मोघम. त्यातून काही घडत नाही. वहीत एकच ओळ लिहा: कोणाचं, किती देणं आहे, आज किती वाजता देणार. कामवाल्या मावशींचा पगार, प्लंबरचे राहिलेले दोनशे. पैसे दिल्यावर ओळ खोडा. खोडली गेली नाही, तर उद्या नवा अध्याय उघडण्याआधी तीच.