अर्धी मिळकत तिची आहे, तर पैसेही तिच्या खात्यात येऊ देत

गोव्याबाहेर करसल्ल्याची प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणींना आयकराचं कलम ५ए समजावते, तेव्हा त्या हमखास विचारतात, "म्हणजे दुकान नवऱ्याचं, गल्ल्यावर नवरा, आणि अर्धा नफा बायकोच्या रिटर्नमध्ये?" होय. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोवामुक्तीनंतरही इथं टिकला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५ए त्याच पायावर उभं आहे. घरभाडं, धंद्याचा नफा, ठेवीचं व्याज दोघांत निम्मं-निम्मं; पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे. त्यामुळे एखाद्या शिक्षकानं वरची खोली भाड्यानं दिली असेल, तर साधा आयटीआर-१ भरून त्याची सुटका होत नाही. बायकोचा पॅन लागतो, दोघांची वाटणी दाखवणारं शेड्यूल ५ए भरावं लागतं.

फोंड्याला माझ्याकडे जुलैत अशी जोडपी येतात. म्हणजे बहुतेकदा नवरा येतो, आणि बायकोच्या सहीपुरतं तिला आणतो. "तिची सय घे आनी पुरो, बाय," असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. मी तिला खुर्ची देते, स्क्रीन तिच्याकडे वळवते आणि तिच्या नावावरचा आकडा वाचून दाखवते. वर्षाला चार-साडेचार लाख उत्पन्न असलेल्या बाईला ते आपल्या नावावर आहे हे तिथं पहिल्यांदा कळतं, आणि तिचा पहिला प्रश्न असतो, "हे पैसे कुठं आहेत?"

पैसे घरातच असतात. दुकानाच्या मालात, नव्या गाडीच्या हप्त्यात, दिराच्या उसनवारीत. नवरा वाईट असतो असं मुळीच नाही. पैसा ज्याच्या खात्यात उतरतो त्याच्या डोळ्यांसमोर ज्या गरजा असतात त्या आधी भागतात, इतकंच. स्वयंपाकघराच्या गळक्या पत्र्यांखाली तो उभा राहत नाही, म्हणून पत्रे पुढच्या वर्षावर जातात.

माझ्या सासूबाईंचं पुरुमेंत आठवलं की हे मला लख्ख दिसतं. एप्रिल-मेमध्ये चार महिन्यांची बेगमी: उकडे तांदूळ, मिरच्या, सोलां, चिंच, मीठ, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, गालमो. जूनपासून यांत्रिक होड्यांना एकसष्ट दिवस मासेमारीबंदी, म्हणजे ताजं मासळीचं कालवण महागणार, हे त्या धरूनच चालत. किती माणसं, चवथीला किती पाहुणे, कोणती मिरची किती दिवस पुरेल, सगळा हिशेब तोंडपाठ. बाजारभावाचं इतकं बारीक ज्ञान मी पुढे कुठल्याही व्यापाऱ्याकडे पाहिलं नाही. पण खरेदीचा दिवस त्यांच्या हातात नव्हता. मामंजींनी मेच्या मध्यावर पैसे दिले तर स्वस्तात सगळं भरून व्हायचं. त्यांच्या हातून उशीर झाला तर तेच सामान पावसात, चढ्या भावानं, थोडं थोडं आणि उधारीवर. त्यात घराचं किती गेलं असेल, हे कुठल्याच वहीत नाही.

सरकारी पाहणीतही ते सापडत नाही. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशात दरडोई मासिक खर्च गावांत ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये निघाला. अन्नावरचा वाटा अनुक्रमे सुमारे ४७ आणि ४० टक्के. आकडे मोलाचे आहेत, पण ते घराचे आहेत. त्या घरात कुणाच्या शब्दावर काय आलं, हे त्यात नाही.

ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी याची नकळत परीक्षा झाली. मुलांसाठीची जी सवलत प्रामुख्यानं बापाच्या पगारात मिळायची, तिच्याऐवजी आईच्या हातात पैसे येऊ लागले. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांनी १९९७ साली दाखवलं की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. आमच्याकडे २०१२ पासून गृह आधार योजना आहे. आज महिना १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. रक्कम लहान, पण मी पाहते त्या घरांत त्यातून गॅस येतो, शाळेचे बूट येतात, स्वयंसहायता गटाचा हप्ता जातो, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

मग स्वतःच्या अर्ध्या मिळकतीला का विचारावं लागतं? हे मला खरोखर सलतं. उत्पन्न दोघांत वाटलं की प्रत्येकाला स्वतंत्र करमुक्त मर्यादा मिळते, घराचा कर कमी होतो. तो फायदा सगळे आनंदानं घेतात. घर विकताना किंवा गहाण टाकताना बायकोची संमती लागते, तेव्हा तिला रिक्षा करून आणतात. कर वाचवायला ती अर्धी मालकीण चालते, तर मेमध्ये तांदूळ भरायलाही चालली पाहिजे.

"घरात दोन खाती झाली की भांडणं होतात," असं एका ज्येष्ठ अशिलानं मला काळजीनं सांगितलं. माझा अनुभव उलटा आहे. माशेलच्या एका जोडप्याला मी सुचवलं की दुकान राहू दे, निदान दोन खोल्यांचं भाडं तरी वहिनींच्या खात्यात जमा करा. भाडेकराराचं नूतनीकरण होतंच, खाते क्रमांक तेवढा बदलला. त्या वर्षी पावसाआधी पत्रे बदलले, मुलीच्या शिकवणीची फी वेळेवर गेली, आणि पुरुमेंत रोखीनं एकदम भरलं. नवरा पुढच्या जुलैत स्वतःहून तिचं पासबुक घेऊन आला. दुकानाच्या नफ्यातलं अजून काही वळलेलं नाही. त्यावर त्यांचं बोलणं चालू आहे.

तेव्हा रिटर्नवर सही करायला जाल, तेव्हा कॉम्प्युटेशनची, म्हणजे उत्पन्न आणि कराच्या हिशेबाची, एक प्रत स्वतःसाठी मागून घ्या. शेड्यूल ५ए मध्ये तुमच्या वाट्याला काय दाखवलंय ते बघा, आणि त्यातली कोणती रक्कम थेट तुमच्या खात्यात येऊ शकते ते तिथंच विचारा. भाडं आणि ठेवीचं व्याज वळवणं सगळ्यांत सोपं आहे.