तुम्ही विचारलंत म्हणून: ती सुंदर गावं का वगळता?

"दरवर्षी ग्रुप घेऊन फ्रान्सला जाता, मग 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' या यादीतलं एकही गाव का दाखवत नाही?" कोणीतरी विचारतंच. विमानतळाच्या रांगेत देण्यासारखं उत्तर नाही, म्हणून लिहिते.

आधी एक गैरसमज. ही यादी सरकारची नाही. १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांच्या पुढाकाराने संस्था निघाली, तिची आहे. अर्ज गावाने करायचा, गावच्या परिषदेचा ठराव जोडायचा. वस्ती २,००० च्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं. वर वर्गणी. दर्जा घसरला तर नाव काढतात. म्हणजे गावाने स्वतः मागून घेतलेला मान आहे हा, तेव्हा 'पर्यटकांनी वाट लावली' हे रडगाणं मी गाणार नाही. माझं पोटही त्यावरच आहे.

तरी सँ-सिर्क-लापोपीनंतर मी थांबले. लॉट नदीवरच्या कड्याला चिकटलेलं, जेमतेम दोनशे वस्तीचं गाव. चढाच्या गल्लीत आमच्यातल्या एका काकांनी अर्धवट उघडं दार ढकललं. त्यांना ते संग्रहालय वाटलं. आत एक बाई उशीचा अभ्रा इस्त्री करत होत्या. काकांनी मोबाईल खाली घेतला नाही, मागून आणखी दोघं डोकावले. बाई ओरडल्या नाहीत. इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्या हातातला झेंडा बघून मलाच विचारलं, "किती वेळ आहात?"

"दीड तास."

"मग पलीकडचं घर बघा. मालक फक्त जुलै-ऑगस्टमध्ये येतात."

मी माफी मागितली. पण टोमणा लागला होता. म्हटलं, एवढा त्रास होतो तर यादीतून नाव का काढून घेत नाही? त्या हसल्या. "कशाला? नवऱ्याचं लाकडी वस्तूंचं दुकान त्यावरच चाललं. ही वरची कौलं त्याच पैशातली." आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकली.

बसमध्ये काका म्हणाले, "फोटो काय झकास आलाय!" मी काही बोलले नाही. पैसे भरून आलेले होते.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते: तुझी एक बस गेली नाही म्हणून गर्दी हटली का? नाही हटली. शिवाय यादीतली सगळीच गावं काही तुंबलेली नाहीत. काहींत दुपारी कॉफी द्यायलाही कोणी नसतं. तिथे गेलो तर त्यांचं भलंच होईल. पण तिथे मोठी बस वळत नाही, आणि तुम्हाला स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर लागतं. रागावू नका, लागतंच.

यंदा अशाच एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या गावात दोन रात्रींचा मुक्काम सुचवून पाहिला. "तिथे दोन दिवस करायचं काय?" असे फोन आले. मुक्काम रद्द करून पॅरिसमध्ये दिवस वाढवले. त्यावर एकही फोन आला नाही.