निरोप हरवला, तर निदान कळू दे

दोन मशीनवरच्या पर्ल भाषेतल्या प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) एकमेकींशी बोलायचं असेल, तर मी अजूनही मार्क लेमान यांचं एनीइव्हेंट-एमपी हे मोड्यूल काढतो. कल्पना अर्लांग या भाषेची: प्रत्येक पोर्टला, म्हणजे निरोप घेणाऱ्या टोकाला, पत्ता, ‘एसएनडी’ने निरोप सोडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. पोर्ट दुसऱ्या नोडवर (जाळ्यातल्या दुसऱ्या प्रोसेसमध्ये) आहे की याच प्रोसेसमध्ये, हे कोडला बघावं लागत नाही.

मला खरं आवडतं ते ‘मॉन’, म्हणजे पोर्टवर मॉनिटर (पाळत) लावणारं फंक्शन. निरोप क्रमानेच पोचतात. एक हरवला तर त्यामागचेही पोचत नाहीत, आणि मॉनिटर लावला असेल तर बातमी मिळते. मधलाच एखादा गळून बाकीचे पोचले, असं होत नाही. कच्च्या सॉकेटवर, म्हणजे नुसत्या नेटवर्क जोडणीवर, स्वतःचा प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना हेच तर निस्तरावं लागतं!

अर्लांगसारखा मेलबॉक्स, म्हणजे आलेले निरोप साठवणारी रांग, मात्र नाही. निरोप आला की थेट कॉलबॅक, म्हणजे आधी नेमून दिलेलं फंक्शन चालतं. अर्लांगवाले नाक मुरडतील, मुरडोत.