तुम्ही विचारलंत म्हणून: कॉफीच्या झाडावर सावली कुणाची?

नवी पेठेत मी ज्या दुकानातून कॉफी पावडर घेते, तिथला मालक माझा जुना विद्यार्थी. ही कॉफी झाडांच्या सावलीत वाढली का ते बघायला दर महिन्याला मी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचते आणि दर महिन्याला तो विचारतो, "बाई, सोलापूरच्या उन्हात बसून कॉफीच्या सावलीची चौकशी कशाला ओ?" हाच प्रश्न नात्यातल्या लग्नांतही होतो, पक्षी बघायला येणाऱ्या मुलांकडूनही होतो. दुकानात मागे गिऱ्हाईक उभं असतं, तिथं नीट सांगता येत नाही. म्हणून इथं.

माझी थोरली बहीण, अक्का, हासन जिल्ह्यात सकलेशपूरला दिली. तिच्या सासरी कॉफी आहे. सोलापूर-हासन गाडीत बसायचं आणि पुढं बस. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दाजींना विचारलं, "मळा कुठाय?" मी मळ्यातच उभी होते! आमच्याकडं मळा म्हणजे ऊस नाहीतर डाळिंब, वर मोकळं आभाळ. तिथं वर फणस, शिसव, उंबर, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले मिरीचे वेल, आणि खाली पुरुषभर उंचीची कॉफीची झुडपं. उंबर पिकलेला. त्यावर तांबट, बुलबुल, हरोळ्या आणि धनेशाची एक जोडी, कर्कश भांडल्यासारखी ओरडत. न्याहारीआधीच माझ्या वहीची दोन पानं भरली. दाजी म्हणाले, "आमच्याकडं हे रोजचंच."

कॉफीचा पिंडच सावलीतला. मूळची ती इथिओपियातल्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, आणि आपल्या देशात ती बहुतेक झाडांखालीच राहिली. मध्य अमेरिकेत मात्र 1970 नंतर तांबेरा रोगाच्या धास्तीनं आणि जास्त उत्पन्नाच्या ओढीनं कितीतरी मळ्यांतली वरची झाडं काढली गेली. कॉफी उन्हात आली, खतं-औषधं वाढली, आणि उत्तर अमेरिकेतून थंडीपुरते तिथं उतरणाऱ्या पक्ष्यांचा आसरा गेला. त्यावरून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेनं पक्षीस्नेही कॉफीचा शिक्का काढला: सेंद्रिय शेती, निदान 40 टक्के सावली आणि झाडं एकाच जातीची नकोत. पाकिटावर मी तो शोधत असते. नवी पेठेत अजून सापडला नाही. पोपटाचं नुसतं चित्र छापणं वेगळं, ते कुणीही छापतं.

पक्षी फुकट राहत नाहीत, भाडं देतात. कॉफीच्या फळात शिरून बी पोखरणारा एक बारीक काळा किडा आहे. कोस्टा रिकात झुडपांवर जाळ्या टाकून पक्षी अडवून बघितले. 2013 साली ते काम छापून आलं. जिथं पक्ष्यांना मोकळीक होती तिथं या किडीचा उपद्रव जवळपास निम्म्यावर होता. हे दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्यांनाच फवारणीचा पगार देतो." कूर्ग, हासन आणि चिकमगळूरच्या मळ्यांत झालेल्या पाहणीत जंगलावर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांच्या 79 जाती सापडल्या, ते 2018 साली प्रसिद्ध झालं. मला त्यातलं आवडलं ते हे, की पक्ष्यांच्या बाबतीत रोबस्टाचे मळे अरेबिकाच्या मानानं कमी पडले नाहीत (या कॉफीच्या दोन मुख्य जाती). मी साठ-चाळीस पिणारी, रोबस्टावाली. जरा बरं वाटलं. (त्यातले चाळीस म्हणजे चिकोरी, ती कॉफीच नव्हे, भाजून दळलेलं मूळ आहे. तिच्यावर कुणाची सावली होती ते देव जाणे.)

आता भांडणाचा विषय. दाजी मळ्याच्या एका बाजूला सिल्व्हर ओक वाढवत चाललेत. मूळ ऑस्ट्रेलियाचं झाड. सरळ वाढतं, मिरी चढवायला सोपं, आणि मुख्य म्हणजे विकायचं झालं तर देशी झाडासारखी परवानगीची कटकट नाही. सावली पडते, कागदावर टक्के भरतात. पण पक्ष्यांनी खावं असं गरदार फळ त्याला नाही आणि धनेशाला घरटं करायला लागते तशी जुनी मोठी ढोली नाही. "सिल्व्हर पण झाडच की," दाजी म्हणतात. कॉफीचा भाव पडतो, छाटणीला माणूस मिळत नाही, हे मला दिसतं, म्हणून मी फार ताणत नाही. फळं सोलण्याचं मळीसारखं पाणी ओढ्यात जाऊ नये यासाठी त्यांनी खड्डे घेतलेत, तिथं मी गुमान त्यांची पाठ थोपटते.

हे सगळं ऐकून मुलं हमखास म्हणतात, "बाई, मग नान्नजच्या माळावर पण झाडं लावू की! पक्षी येतील." इथं माझा आवाज चढतो. नान्नज म्हणजे सोलापूरजवळचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. सकलेशपूरला मुळात जंगल होतं, कॉफीनं त्यातलं थोडं राखलं. नान्नजला मुळात गवत आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, लांबवर नजर पोचेल असाच माळ त्याला लागतो, आणि देशात ते आता दीडशेच्याही आत उरलेत. धाविक, चंडोल, माळटिटवी, सगळी उघड्यावरची मंडळी. माळावर झाड उभं केलं की कावळ्याला बसायला जागा होते, आणि तिथून त्याला खालची अंडी दिसतात. सावलीचं कौतुक करणारी बाई इथं सावली नको म्हणते, म्हणून मुलं माझ्याकडं संशयानं बघतात.

तरीही या पावसाळ्यात मुलं पंधरा कडुनिंबाची रोपं घेऊन आलीच. जीपसुद्धा ठरवली होती. मी त्यांना शाळेच्या कुंपणाकडं वळवलं, तिथं ऊन कडक लागतं. रोपं उतरवून झाल्यावर जीपवाल्यानं विचारलं, "आता नान्नजला जायचं की नाही?" जायचं, म्हटलं. फक्त बघायला.