वाळूतला स्पंज आणि सायटाराबिन

‘समुद्रातल्या स्पंजातून काढलेलं कॅन्सरचं औषध’ असं सायटाराबिनबद्दल बऱ्याचदा वाचायला मिळतं. हे अर्धंच खरं आहे. औषधाची बाटली भरायला एकही स्पंज लागत नाही.

टेक्टिटेथिया क्रिप्टा हा कॅरिबियनच्या उथळ पाण्यातला स्पंज. अंगावर वाळू आणि शेवाळ साचलेलं, त्यामुळे पाहणाऱ्याला तो दगडच वाटतो. क्रिप्टा म्हणजे लपलेला. नाव चपखल आहे. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांनी 1945 मध्ये फ्लोरिडातल्या एलियट की बेटाजवळून तो गोळा केला. वाळवलेल्या स्पंजाचा अर्क उकळत्या अॅसिटोनमध्ये काढला, तेव्हा स्फटिक मिळाले. ते न्यूक्लिओसाइड, म्हणजे साखर आणि ‘बेस’ नावाचा घटक जोडून बनलेले रेणू, निघाले: स्पंजोथायमिडिन आणि पुढे स्पंजोयुरिडिन.

खरी गंमत साखरेत होती. आपल्या आरएनएत रायबोज आणि डीएनएत डीऑक्सिरायबोज असते, इथे अरॅबिनोज. फरक एवढाच, की दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट खाली नसून वर, बेसच्याच बाजूला. पेशी अशी कडी डीएनएत बसवून टाकते, पण पुढची कडी नीट जुळत नाही आणि साखळी रखडते. म्हणूनच भराभर विभागणाऱ्या पेशी आधी मरतात.

हा धागा धरून रसायनशास्त्रज्ञांनी तीच साखर सायटोसिन या डीएनएतल्या बेसला जोडली. 1959 मध्ये सायटाराबिन प्रयोगशाळेत तयार झालं, 1969 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हा रेणू स्पंजातून काढलेला नाही; स्पंजाने फक्त साखर दाखवली.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नेहमीची पद्धत ‘7+3’: सायटाराबिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज 100 ते 200 मिग्रॅ, सात दिवस सलग सलाइनमधून, आणि पहिले तीन दिवस डॉनोरुबिसिनसारखं औषध. सलग का? सायटिडिन डीअॅमिनेज हे एन्झाइम त्याचं झपाट्याने निष्क्रिय युरॅसिल रूपात रूपांतर करतं. एकदाच टोचलं तर बराचसा डोस वाया जातो. पोटातून घेऊनही फारसं काही उरत नाही.

मोठ्या डोसात, म्हणजे दर बारा तासांनी 1 ते 3 ग्रॅम प्रति चौरस मीटर, दोन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. डोळे लाल होऊन चुरचुरतात, म्हणून स्टेरॉइडचे थेंब आधीपासून चालू असतात. दुसरा धोका लहान मेंदूचा: चाल लटपटते, बोलणं अडखळतं, अक्षर बिघडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा धोका वाढतो. म्हणून प्रत्येक डोसआधी नाकाला बोट लावून बघणं आणि सही करून घेणं ही साधी तपासणी वगळू नये.