आठ बाटल्या

१९७१च्या पावसाळ्यात मी पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला होतो. इंटर्नशिप नुकतीच संपलेली. सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) युद्ध, जशोर रोडवर निर्वासितांचा लोंढा आणि त्यांच्यात कॉलरा. रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या, सोळा खाटा. बाकीचे खाली जमिनीवर, आपल्याच जुलाब-उलट्यांत.

डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिथे लावलेली पद्धत आजही तोंडपाठ आहे. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात वजन करून प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या, तोंडं गरम इस्त्रीनं चिकटवायची. इथे ते तोटीच्या पिंपात कालवायचं, पाजायचं मात्र नातेवाइकांनी. उलटी झाली? जरा थांबून पुन्हा पेला तोंडाला. सलाईन फक्त नाडी न लागणाऱ्याला, तेही तो गिळू लागेपर्यंत. शिस्त पाळली तर बाटल्या पुरायच्या. इतरत्र शेकड्याला तीसेक दगावत होते. या पद्धतीत चारांहून कमी.

एक वरिष्ठ पाहणीला आले. मोठं नाव, कडक इस्त्रीचा शर्ट. "कॉलऱ्याला पाणी पाजता? ही काय पाणपोई आहे?" बसून पेला धरू शकणाऱ्या चौघांना त्यांनी सलाईन लावायला लावलं आणि जेवायला निघून गेले. सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असं न वाटणारे डॉक्टर मी नंतरही पुष्कळ पाहिले. रुग्णांनाही तेच हवं असतं.

संध्याकाळी एका मुलानं बापाला पाठीवरून आणलं. नाडी नाही, डोळे खोल, आवाज बसलेला. कपाटात एकही बाटली नव्हती. सिस्टरनं कुणाला न विचारता शेजारच्याची अर्धी बाटली काढली, सेट बदलला, म्हाताऱ्याला लावली. नाकातून नळी घालून पिंपातलं पाणीही सोडलं. पण त्याला तासाभरात दोन-तीन लिटर शिरेतून हवं होतं. मध्यरात्रीच्या आत गेला.

१९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या पाण्यामागच्या शोधाला शतकातला सर्वांत महत्त्वाचा ठरू शकेल असा वैद्यकीय शोध म्हटलं. पुढे एका परिषदेत तेच वरिष्ठ जलसंजीवनीवर बोलले. छान बोलले, बनगावचा उल्लेखही केला.

मी मात्र हिशेब करत बसलो. चौघांना दोन-दोन, म्हणजे आठ बाटल्या. अर्ध्या लिटरची एक. चार लिटर. म्हातारा तेवढ्यात वाचला असता का, की मूत्रपिंडं आधीच गेली होती?