आमची वाटचाल: फितूर सैनिकांची गोष्ट

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, एक चित्रकार आणि जीवशास्त्र शिकवून कंटाळलेली मी. शिकवून नव्हे खरं तर, पाठ करून घेऊन. पेशी, जनुकं, जंतू हे सगळं गोष्टींतून सांगायचं आणि त्यावरच पोट भरायचं, असं ठरवलं. पहिल्या वर्षी ते भरलं नाही.

'शरीराचे सैनिक' ही आमची हुकमी गोष्ट. पांढऱ्या पेशी म्हणजे फौज, जंतू म्हणजे शत्रू. मुलं टाळ्या पिटायची. एकदा तीच गोष्ट आमवाताच्या रुग्णांपुढे सांगितली. संपल्यावर एक बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझेच सैनिक फितूर झालेत, असंच ना?" आमवातात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, हे मला तोंडपाठ होतं. गोष्ट सांगायला उभी राहिले तेव्हा आठवलं नाही.

नवी गोष्ट रचायला दोन महिने लागले. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. तिथे टी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, पारख होते. शरीराची ओळखखूण वाचता आली नाही, तर बाद. स्वतःच्याच पेशींना घट्ट चिकटली, तरी बाद. बहुतेक तिथेच मरतात. तरी काही निसटतातच, त्यांना आवरायला नियामक टी-पेशी असतात, आणि कधी तोही बंदोबस्त अपुरा पडतो. यात फितुरी कुणाचीच नाही.

मुलांना हीच गोष्ट परीक्षेची म्हणून सांगतो. "नापास झालेल्यांचं काय होतं?" हा प्रश्न हमखास येतो. त्या आपणहून मरतात आणि भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात, म्हटलं की वर्ग खूश! रुग्णांपुढे परीक्षेचं नावही काढत नाही.

परिचारिकांना 'हात धुवा' सांगितलं की त्या घड्याळाकडे बघतात. बरोबरच आहे. म्हणून त्यांना सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट सांगतो. व्हिएन्ना, १८४७. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जायचे. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक वरिष्ठांना पटलं नाही. का पटलं नसेल, एवढंच विचारून आम्ही गप्प बसतो. थोड्याच वेळात बोलणं व्हिएन्नाबद्दल उरत नाही.

सध्या उत्क्रांतीची गोष्ट अडली आहे. उत्क्रांती कुणाच्या इच्छेने होत नाही, तरी प्रत्येक खर्ड्यात प्राण्यांना काहीतरी 'हवं' असतं आणि मी ते खोडत बसते. चित्रकार वैतागून विचारतो, "कुणाला काहीच नको असेल, तर मी त्या पतंगाचे डोळे कुठे वळवू?"